जागल्याचं काम: सायबर सुरक्षा घरी बसून कशी शिकायची

गेल्या लग्नसराईत मावसभावाचा साक्रीहून फोन आला. "ताई, पत्रिका उघडस नही."

भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठ्या मामांच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली होती. त्याने ती दाबली, फोनने दोन-तीन परवानग्या मागितल्या, त्याने त्या दिल्या आणि पुढे काहीच दिसलं नाही. मी त्याला फाइलचं पूर्ण नाव वाचायला सांगितलं. नाव 'लग्नपत्रिका' होतं आणि त्यामागे टिंब देऊन 'एपीके' लिहिलं होतं. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायच्या ॲपची फाइल. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, हल्ली व्हिडिओतही येते. ॲप होऊन ती कधी येत नाही. त्याने फोनमध्ये एक अनोळखी ॲप बसवलं होतं आणि त्याला एसएमएस वाचायची मुभा दिली होती. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, हे ते ॲप लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक होतं.

फोन लगेच फ्लाइट मोडवर टाक, घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळव, पैसे गेलेले दिसले तर एक मिनिटही न घालवता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लाव, आणि ही फाइल कोणी उघडू नका असं ग्रुपवर सांग. एवढं मी त्याला त्या क्षणी सांगितलं. त्याचे पैसे वाचले, कारण त्या सिमला बँक खातं जोडलेलंच नव्हतं. मामांच्या फोनमध्ये आधी हेच घडलं होतं. त्यांच्या नकळत त्यांचा फोन गावभर 'पत्रिका' वाटत सुटला होता.

दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन. "ताई, तू करस ते काम माले शिकनं शे. कोनता क्लास लावू?"

त्याला तुकड्यातुकड्याने जे सांगितलं ते इथे नीट लिहिते. मी धुळ्याला रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं. सायबर सुरक्षा मी साक्री तालुक्यातल्या आमच्या घरी, ओसरीवर बसून, पावणेदोन वर्षांत शिकले आणि आता पुण्यात एका सुरक्षा केंद्रात काम करते. त्यामुळे हे जमतं, असं मी खात्रीने सांगू शकते. सोपं आहे असं मात्र मी कोणालाच सांगत नाही.

एका पत्रिकेमागे किती जणांचं काम

या क्षेत्राचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळ्या पडद्यावर भराभर टाइप करणारा हॅकर येतो. त्या एका पत्रिकेकडेच पाहा. ती फाइल वेगळ्या ठेवलेल्या संगणकात उघडून ती काय वाचते, कुठे पाठवते हे शोधणारा एक जण असतो; त्याला मालवेअर विश्लेषक म्हणतात. बँकेत चोवीस तास पडद्यासमोर बसलेली माणसं असतात. साक्रीतल्या खात्यात रात्री दोन वाजता नव्याच फोनवरून कोणी शिरलं, तर ते पहिल्यांदा त्यांना दिसतं. मग ते खातं गोठवणारे, झालेलं नुकसान आवरणारे येतात. पोलिसांकडे फोनमधला पुरावा कोर्टात टिकेल अशा रीतीने काढणारे असतात. बँकेचं ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी, मालकाच्या परवानगीने, त्यात भगदाडं शोधणारे पेनिट्रेशन टेस्टर वेगळे. आणि कोणाला कोणती मुभा असावी याचे नियम लिहिणारे, ते पाळले जातात का हे तपासणारे तर आणखी वेगळे. या शेवटच्या कामात बी.कॉम. झालेली, लेखापरीक्षणाची सवय असलेली माणसं फार चांगली रुळतात, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.

नवख्यासाठी जास्त दारं उघडी असतात ती पडद्यासमोर बसून पहारा देण्याच्या कामात. त्या केंद्राला 'सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर' म्हणतात, बोलताना नुसतं 'सॉक'. मी तेच काम करते, म्हणून पुढचं बरंचसं त्याच वाटेबद्दल आहे.

पांझरेच्या पाटावरून नेटवर्क

नेटवर्क समजलं नाही तर पुढचं काहीच समजत नाही. पहिले तीन-चार महिने त्यालाच द्या. मला ते पुस्तकातून कळलं नाही, पाटावरून कळलं.

पांझरेवरच्या फड पद्धतीबद्दल धुळ्याकडच्या जुन्या लोकांना सांगायला नको. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना, पाणी. पाणी कोणाला, कधी, किती सोडायचं ते पाटकरी बघतो. दारं त्याच्या हातात. पिकाची राखण जागल्या करतो. माझे आजोबा जागल्या होते.

आता तुमचा फोन एखादी वेबसाइट उघडतो तेव्हा काय होतं ते बघा. फोन आधी विचारतो, या नावाचा पत्ता काय? नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. आकडी पत्ता म्हणजे आयपी, चार आकड्यांचा, प्रत्येक आकडा ० ते २५५. तुमच्या घरातल्या वायफायवर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसेल. तो घरापुरता असतो, गावातल्या 'मागच्या आळीतलं तिसरं घर'सारखा. बाहेरच्या जगाला तुमच्या राउटरचा पत्ता दिसतो. राउटर म्हणजे पाट जिथे फुटतो ती जागा.

पत्ता कळला की फोन आणि तिकडचा सर्व्हर, म्हणजे वेबसाइट ज्यावर ठेवलेली असते तो संगणक, आधी एकमेकांची खातरजमा करतात. "ऐकू येतंय का?" "येतंय, माझं तुला येतंय का?" "येतंय, बोल." टीसीपी या पद्धतीत जोडणी सुरू होताना हे तीन निरोप जातात आणि मगच खरं बोलणं सुरू होतं. सर्व्हरवर एकाच पत्त्यावर बरीच दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. कुलूपबंद वेब पानांसाठी ४४३, डीएनएससाठी ५३, दुरून लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी प्रणाली) यंत्रात शिरण्यासाठी २२, विंडोजचा पडदा दुरून वापरण्यासाठी ३३८९. कोणतं दार उघडं ठेवायचं आणि कोणासाठी, हे ठरवणारा फायरवॉल हा आपला पाटकरी.

ही तुलना एका जागी तुटते, आणि ती जागा लक्षात ठेवा. पाण्याच्या थेंबावर पत्ता लिहिलेला नसतो. नेटवर्कवर माहिती तुकड्यातुकड्याने जाते आणि त्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, कुठून आलं आणि कुठे चाललं हे लिहिलेलं असतं. म्हणूनच चोरी झाल्यावर माग काढता येतो. आणि म्हणूनच चोर तो पत्ता लपवायला धडपडतो.

हे वाचून सोडू नका, डोळ्यांनी बघा. 'वायरशार्क' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. १९९८ साली ते 'इथिरियल' नावाने आलं, २००६ मध्ये नाव बदललं, आणि आजही कामावरची माणसं तेच वापरतात. ते स्वतःच्या लॅपटॉपवर सुरू करा, एक वेबसाइट उघडा आणि थांबवा. हजारो ओळी दिसतील आणि घाबरायला होईल. मला झालं होतं. त्यातून फक्त डीएनएसच्या ओळी गाळून काढा. तुमचा लॅपटॉप कोणाकोणाची नावं विचारतो, ते दिसेल. तुम्ही एकच साइट उघडलेली असते आणि तो बहुधा कितीतरी जणांची चौकशी करत असतो. जाहिरातवाले, मोजणीवाले, कुठले कुठले. एक आठवडा रोज हे पाहिलं की तुमच्या यंत्राचं 'रोजचं बोलणं' तुम्हाला पाठ होतं. ही सवय पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे.

लॅपटॉप, उन्हाळा आणि काली

यंत्र महाग लागत नाही. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. त्यातली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की त्याच्यात जीव येतो. त्यावर 'व्हर्च्युअलबॉक्स' हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालवता येतं. ते बिघडवा, मोडा, परत उभं करा. घरच्या लॅपटॉपला धक्का लागत नाही. चारच जीबी असेल तर सरळ लिनक्स टाका आणि सराव ब्राउझरमधल्या साइटवर करा. लाइटचा भरवसा नाही, म्हणून व्हर्च्युअल यंत्राचा 'स्नॅपशॉट', म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची जपून ठेवलेली प्रत, घेत जा. अर्ध्यात वीज गेली तरी तिथून पुढे सुरू करता येतं. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा दुपारी दोन यंत्रं एकदम चालवू नका. मी पहाटे पाच ते आठ बसायचे. लॅपटॉपही थंड, डोकंही थंड, आणि घरात कोणी हाक मारणारं नाही.

सुरुवातीलाच 'काली लिनक्स' टाकू नका. २०१३ साली आलेली ही प्रणाली हल्ल्याच्या हत्यारांनी भरलेली आहे, आणि यूट्यूबवर सगळे तिथूनच सुरू करतात. पण साधी फाइल कुठे असते, तिच्यावर कोणाचा हक्क असतो हे कळत नसताना ती हत्यारं हातात घेऊन फक्त दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञा आपण पुन्हा टाइप करतो. उबुंटू किंवा लिनक्स मिंट घ्या, तीच रोजची वापरा.

लिनक्स शिकायला माझ्या मते 'ओव्हर द वायर' या साइटवरच्या 'बँडिट' खेळाइतकं चांगलं काही नाही. मोफत आहे, तीसहून जास्त पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर कुठेतरी लपलेला पासवर्ड शोधायचा, त्याने पुढची पायरी उघडते. सुरुवातीच्या एका पायरीवरच मी दीड दिवस अडकले होते. तिथे पासवर्ड ज्या फाइलमध्ये असतो तिचं नाव फक्त एक आडवी रेघ आहे. फाइल दाखवायची आज्ञा 'कॅट'. मी 'कॅट' लिहून पुढे रेघ दिली, तर यंत्र गप्प. पडदा तसाच उघडा. मला वाटलं नेट गेलं.

नेट गेलं नव्हतं. लिनक्सच्या जगात ती एकटी रेघ म्हणजे 'मी आता टाइप करते ते वाच' असा संकेत आहे. यंत्र माझ्या टायपिंगची वाट बघत बसलं होतं. उत्तर असं, की फाइलच्या नावाआधी 'याच फोल्डरमधली' असं सांगणारं टिंब आणि तिरकी रेघ द्यायची. मग यंत्राला कळतं की ही फाइल आहे. दीड दिवसात मला आज्ञा एकच कळली, पण दुसरी गोष्ट फार मोठी कळली: आपण जे माहिती म्हणून देतो ते यंत्र हुकूम म्हणून वाचू शकतं. वेबसाइटवरच्या कितीतरी हल्ल्यांचं मूळ नेमकं तिथे आहे.

एसक्यूएल इंजेक्शन हे नाव ऐकलं असेल. समजा, उताऱ्यासाठी अर्ज आहे आणि त्यात नावाचा रकाना आहे. कोणी तिथे लिहिलं, 'रामदास, आणि गावातल्या सगळ्यांचे उतारे द्या'. कारकून शहाणा असेल तर हसून अर्ज परत करेल. पण नुसतं वाचून तसंच करणारा असेल, तर गावाचे उतारे काढून देईल. वेबसाइटच्या मागचा डेटाबेस असाच प्रामाणिक कारकून असतो. वेबसाइट लिहिणाऱ्याने त्याला 'रकान्यातलं सगळं फक्त नाव समज' असं बजावलं नसेल तर तो फसतो. हे सरावाने शिकायला 'पोर्टस्विगर'ची वेब सिक्युरिटी अकादमी मोफत आहे आणि उत्तम आहे. ओडब्ल्यूएएसपी ही २००१ पासून काम करणारी संस्था वेबवरच्या सर्वांत मोठ्या दहा धोक्यांची यादी काढते, तीही वाचा. २०२१च्या यादीत पहिल्या क्रमांकावर 'कोणाला काय दिसावं' याचा गोंधळ आहे. पत्त्याच्या पट्टीत १०४ च्या जागी १०५ लिहिलं आणि दुसऱ्याचा निकाल दिसला, इतकी साधी चूक. साधी असल्यामुळेच ती सगळीकडे सापडते.

दुसऱ्याचा बांध

आता मी थोडी कडक होणार आहे, कारण इथे पोरांची आयुष्यं अडकतात.

१०४ चं १०५ करून बघायचा मोह कॉलेजच्या वेबसाइटवर होतो, पतसंस्थेच्या साइटवर होतो. करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरणं हीच आगळीक आहे; नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच लबाडीने किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मी फक्त बघत होतो' आणि 'दार उघडंच होतं' ही उत्तरं शेताच्या बांधावर चालत नाहीत, इथेही चालत नाहीत. ओळखीतल्या एका मुलाने शिकता शिकता एका संस्थेची साइट तपासली आणि मोठ्या उत्साहाने त्यांनाच जाऊन सांगितलं. शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं. पुढचे चार महिने त्याच्या वडिलांनी हात जोडत फेऱ्या मारल्या.

सरावासाठी हवं तेवढं मोकळं रान आहे. 'डीव्हीडब्ल्यूए' आणि 'ज्यूस शॉप' या मुद्दाम भगदाडं ठेवून बनवलेल्या साइट आहेत, त्या आपल्याच लॅपटॉपच्या पोटात चालवायच्या. 'ट्रायहॅकमी', 'हॅक द बॉक्स', विद्यार्थ्यांसाठी 'पिकोसीटीएफ' या सरावाच्याच साइट आहेत. पोर्ट तपासणारं 'एनमॅप' शिकायचं तर ते बनवणाऱ्यांनीच एक यंत्र सगळ्यांच्या सरावासाठी उघडं ठेवलेलं आहे. ज्या कंपन्या 'आमच्या चुका शोधा, बक्षीस देतो' असं जाहीर करतात, त्यांच्या नियमांत काय तपासायचं आणि काय नाही हे लिहिलेलं असतं. तो कागद आधी वाचायचा, मग हात लावायचा. आणि चुकून कुठे काही दिसलंच, तर केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था अशी माहिती स्वीकारते. तिथे कळवा, पुढे खोदू नका.

लॉग वाचणं, म्हणजे खरं काम

आजोबा सांगायचे, रात्री फडात शंभर आवाज असतात. पाण्याचा, वाऱ्याचा, कोल्ह्याचा, कोणाच्या तरी सुटलेल्या बैलाच्या घुंगरांचा. जागल्या प्रत्येक आवाजाला उठत नाही, उठला तर महिनाभरात आजारी पडेल. त्याला रोजचे आवाज पाठ असतात. रानडुक्कर उसात शिरलं की तो आवाज त्या पाठांतरात बसत नाही, आणि झोपेतूनही तो उठतो.

सॉकमधलं काम हुबेहूब हेच आहे. प्रत्येक यंत्र आपली डायरी लिहीत असतं, तिला लॉग म्हणतात. विंडोज यंत्रात कोणी बरोबर पासवर्ड देऊन आत आलं की ४६२४ क्रमांकाची नोंद होते, चुकीचा दिला की ४६२५, नवं खातं उघडलं की ४७२०. मोठ्या कंपनीत अशा नोंदी दिवसाला लाखोंनी पडतात. त्या एका ठिकाणी गोळा करून त्यातल्या संशयास्पद वर आणणाऱ्या सॉफ्टवेअरला एसआयईएम म्हणतात, बोलताना 'सिम'. 'स्प्लंक' हे त्यातलं विकतचं, 'वाझू' मोफत.

घरी काय करायचं? व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन लिनक्स यंत्रं करा. एकावरून दुसऱ्यात शिरताना मुद्दाम वीस वेळा चुकीचा पासवर्ड द्या, एकविसाव्या वेळी बरोबर. मग दुसऱ्या यंत्राची डायरी उघडा. उबुंटूमध्ये ती 'ऑथ डॉट लॉग' नावाच्या फाइलमध्ये असते. तुमचेच एकवीस प्रयत्न तिथे दिसतील, वेळेसकट, पत्त्यासकट. आता दुसऱ्या दिवशी खरोखर पासवर्ड विसरल्यासारखं वागा. तीनदा चुकवा, मध्ये जरा थांबा, चौथ्यांदा बरोबर द्या. दोन्ही डायऱ्या शेजारी ठेवून बघा. विसरलेलं माणूस थांबतं, विचार करतं, कॅप्स लॉक बघतं. यंत्र थांबत नाही, सेकंदाला एक याप्रमाणे ठोकत राहतं. आणि वीस चुकांनंतर एक बरोबर उत्तर आलं असेल, तर घाबरायचं त्या शेवटच्या ओळीला. नवशिके वीस लाल ओळी बघून ओरडतात, आणि एकविसावी साधी दिसते म्हणून सोडून देतात. मीही सोडली होती.

मग थोडं पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा, शिका. ॲप बनवण्याइतकं नको. ही डायरी वाचून 'कोणत्या पत्त्यावरून किती वेळा चूक झाली' ते मोजणारा पंचवीस-तीस ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहिता यावा एवढं. तो जमला त्या दिवशी मी आईला बोलावून दाखवला होता. तिला काही कळलं नाही, पण तिने चहा केला.

रोजचं माहीत असण्याला किती किंमत आहे ते एका प्रसंगावरून सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये चोरीला गेले. एटीएमवर कोणी कार्ड टाकलं की 'पैसे देऊ का?' हा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली, आणि ती प्रत्येक प्रश्नाला 'दे' म्हणत राहिली. २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी हजारो वेळा पैसे काढले गेले, काही तासांत. पुण्याच्या एका सहकारी बँकेची कार्डं शनिवारी दुपारी अचानक २८ देशांत चालू लागली, हा रोजचा आवाज नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे किमान नियम घालून दिले आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या कामाच्या पसाऱ्याप्रमाणे चार पातळ्या करून ते वाढवले. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. हे नियम कोणीतरी माणसंच पाळणार. म्हणून मी खान्देशातल्या मुलामुलींना सांगते, फक्त पुण्या-मुंबईच्या आशेवर राहू नका. धुळ्या-जळगावात सहकारी बँका आहेत, दवाखाने आहेत, एमआयडीसीतले चटई आणि पाइपचे कारखाने, डाळ मिल, सराफ बाजार आहे. त्यांचे हिशेब संगणकावर आहेत आणि कित्येक ठिकाणी बॅकअप त्याच संगणकात पडलेला असतो. संगणक दुरुस्ती, नेटवर्क बसवणं, बँकेतला आयटी मदतनीस अशा साध्या नोकरीतून सुरुवात करण्यात काहीच कमी नाही. सॉकमध्ये माझ्या शेजारी बसणारा सहकारी तीन वर्षं केबल ओढत होता, आणि नेटवर्क आमच्या सगळ्यांत त्यालाच जास्त कळतं.

इंग्रजी आणि प्रमाणपत्रं

घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि हे सगळं साहित्य इंग्रजीत. हा त्रास खरा आहे, मी त्याला कमी लेखणार नाही. मला उपयोग झाला तो असा: यंत्राने दाखवलेली प्रत्येक चूक मी वहीत जशीच्या तशी उतरवायचे, खाली मराठीत अर्थ लिहायचे, आणि पुढे मी काय केलं ते. सहा महिन्यांत लक्षात आलं की तीच चारशे-पाचशे इंग्रजी वाक्यं फिरून फिरून येतात. ती कळली की वाचण्यापुरतं काम भागतं. बोलण्यासाठी मी रोज रात्री त्या दिवशी सोडवलेली एक गोष्ट मोबाइलवर इंग्रजीत रेकॉर्ड करायचे. पहिल्या महिन्यातलं रेकॉर्डिंग आजही ऐकवत नाही.

ती वही पुढे 'गिटहब'वर, म्हणजे प्रोग्राम आणि नोंदी सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या साइटवर, टाका. अर्ज करताना पदवीच्या रकान्यात मी रसायनशास्त्र लिहिलं होतं. कंपन्यांनी मला मुलाखतीला बोलावलं ते त्या नोंदींमुळे. लिहिणं हा या कामाचा जोडधंदा नाही. 'ओएससीपी' ही पेनिट्रेशन टेस्टरांची नावाजलेली परीक्षा आहे. तिच्यात जवळजवळ चोवीस तास यंत्रं फोडायची असतात, आणि नंतरचे चोवीस तास फक्त अहवाल लिहायला असतात.

प्रमाणपत्रांचं म्हणाल तर आधी 'सिस्को नेटवर्किंग अकादमी'चे मोफत अभ्यासक्रम करा. नेटवर्क आणि लॉग हाताखालून गेले की 'सिक्युरिटी प्लस' या प्रमाणपत्र परीक्षेचा विचार करा: नव्वद मिनिटं, जास्तीत जास्त नव्वद प्रश्न, ९०० पैकी ७५० ला पास. तिची फी आपल्यासारख्या घरात जड जाते, म्हणून पास व्हायची खात्री वाटेपर्यंत भरू नका. पूर्ण वेळ शिकायची सोय असेल तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणन संस्थेचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला प्रवेश परीक्षा असते. 'तीन महिन्यांत एथिकल हॅकर, नोकरीची हमी' असं लिहिलेल्या क्लासला कापसाचे पैसे देऊ नका. माझ्या मैत्रिणीने दिले. तिला मिळालेल्या व्हिडिओंतले बरेचसे यूट्यूबवर मोफत होते.

वेळ किती लागेल, हे मावसभाऊ दर आठवड्याला विचारतो. रोज तीन तास खरोखर बसलात तर वर्ष ते दीड वर्ष. मला जास्त लागलं, कारण मध्ये कापूस वेचणी आली आणि एक अख्खा महिना आजीच्या आजारपणात गेला. पहिल्या दोन मुलाखतींत मला नाकारलं. एकीत विचारलं होतं, वेबसाइटचा पत्ता टाइप करून एंटर दाबल्यावर काय काय घडतं? मी दोन वाक्यांत संपवलं होतं. घरी येऊन तो प्रश्न मी पाटाच्या उगमापासून शेवटच्या फडापर्यंत लिहून काढला, आठ पानं झाली.

तिसऱ्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी एक छापील कागद सरकवला. त्यावर लॉगच्या बारा ओळी होत्या. सगळे बरोबर पासवर्डने आत आलेले, चुकीचा एकही नाही. त्या म्हणाल्या, "यात काय चुकतंय?"

मी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, या ऑफिसची वेळ काय आहे?"

"सकाळी साडेनऊ ते सहा. रविवारी बंद."

मग मी सातव्या ओळीवर बोट ठेवलं.